चाहूल कधीपर्यंत वाजेल?

एका जंगलात सगळ्यांकडे फोन होते. खिसा कुणालाच नव्हता, तरी होते. कुठं ठेवायचे ते विचारू नका. घास चावा आणि ऐका.

तिथं गोदी नावाची ससीण राहायची. तिला तीन पिल्लं, अजून डोळे चोळणारी. गोदीच्या फोनवर ‘चाहूल’ नावाचं ॲप होतं. रानमांजर बिळाजवळ आलं की गोदी असेल तिथं फोन वाजायचा. त्याच्या भरवशावर ती पिल्लांना ठेवून चरायला जायची.

पण पाच दिवस झाले, फोन काही वाजला नव्हता.

शेजारीण साळू म्हणाली, “वाजत नाही म्हणजे मांजर नाही. बरंच आहे की.”

“किंवा ॲपच बंद पडलंय.”

“तुला मेलीला सुख म्हणून सोसत नाही.”

गोदीनं चरता चरता कंपनीची साइट उघडली. पहिल्या पानावर मोर नाचत होता. दुसऱ्यावर मालक वानरशेठ, जिवंतपणीच हार घातलेले. मग पोपट आला.

“नमस्कार. तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे.”

“चाहूल कधीपर्यंत चालणार?”

“नवी चाहूल हवी का?”

“नको रे बाबा. जुनी कधी बंद होणार, ते सांग.”

“छान. नवीसाठी हिरवं पान दाबा.”

गोदीनं पोपटाला बाजूला सारलं. एकोणिसाव्या पानाच्या तळाशी मुंगीएवढी अक्षरं होती : ‘ॲप बंद होण्याची तारीख बघण्यासाठी नवीन फोन घ्यावा.’

ती तडक वानरशेठच्या झाडाखाली गेली.

“शेठ, तारीख लपवून का ठेवलीत?”

“लपवली कुठं? साइटवर आहे की.”

“जुन्या फोनवर दिसत नाही.”

“नव्यावर दिसते.”

“पण शेठ, नवा फोन असलेल्याला ती कशाला लागेल?”

शेठनी डोकं खाजवलं. “हा मुद्दा मीटिंगमध्ये निघाला नव्हता.” मग स्वतःच्या फोनवर बघून म्हणाले, “अमावस्येपर्यंत आहे तुमची.”

“कुठल्या?”

“झाली ती.”

गोदी जी धावत सुटली, ती बिळाजवळच्या झुडपामागंच थांबली. बिळाच्या अगदी तोंडाशी रानमांजर बसलं होतं. आतून पिल्लांची चुळबुळ ऐकू येत होती.

मांजराची मान फोनमध्ये होती.

“कोण आहे तिकडं?” वर न बघता ते म्हणालं. “जरा सांगा हो. वानरशेठचं ‘शिकार’ ॲप घेतलंय मी. पाच दिवस झाले, म्हणतंय आसपास काही नाही. समोर बीळ दिसतंय, आत काहीतरी हलतंय, पण हे नाही म्हणतंय.”

गोदीनं झुडपामागूनच आवाज सरळ ठेवला. “मग नसेलच. पोपटाला विचारलंत का?”

“सकाळपासून तेच करतोय. तो हिरवं पान दाबा म्हणतो.”

“दाबत राहा. पण इथं रेंज कमी आहे, काका. टेकडीवर जा.”

“देव तुमचं भलं करो,” म्हणत मांजर फोन उंच धरून टेकडीकडं गेलं.

गोदीनं पिल्लांना उचललं आणि त्याच दुपारी ओढ्यापलीकडं घर केलं.

तात्पर्य : ॲप बंद होण्याची तारीख कंपन्यांनी पहिल्या पानावर ठळक अक्षरांत मुळीच लिहू नये. आयांना ती वेळेवर कळेल हे खरं, पण मग रानमांजरही वेळेवर जेवेल.