भूकंप, मासे आणि भिंगरीचा तोल

"तोल? अगं, आपल्या घराण्यात तो जन्मजात असतो!" भिंगरीच्या बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं.

भिंगरीचा चेहरा एवढासा झाला होता. तळमजल्यावर राहणाऱ्या कराटेच्या बाई नुकत्याच सांगून गेल्या होत्या, "लाथ झकास मारते हो, पण पाय टेकताना डगमगते. रविवारपर्यंत सुधारली नाही, तर संघात घेता येणार नाही."

"रडतेस काय वेडे? बघ माझ्याकडे!"

एरवी खुर्चीतून फक्त जेवायला उठणारे बाबा थेट सोफ्याच्या उशीवर चढले. एक पाय उचलला. पोट एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि मधे कुठेतरी बाबा!

"बाबा, उतरा ना!"

"गप्प! हा असा श्वास घ्यायचा, आणि... हाऽऽ!"

लाथ सुटली ती पडद्यात शिरली आणि तिथेच अडकली! ती सोडवायला बाबा लंगडी घालत मागे सरकले. पडदा, पडद्याची दांडी, भिंतीचा थोडा गिलावा आणि बाबा, असे सगळे मिळून भांड्यांच्या कपाटावर कोसळले!

"भूकंप! पळा रे पळा!" आतल्या खोलीतून आजी ओरडल्या आणि जिन्यात जाऊन दुप्पट ओरडल्या.

झालं! दारं धडाधड उघडली. कुणी टीव्ही उचलला, कुणी नवऱ्याला विसरलं. "अहो, भूकंप नाही, मी पडलो!" असं कळवळून सांगत बाबा पडद्यासकट खाली धावले. पण ऐकतो कोण?

अंगणात बाईंनी विचारलं, "भिंगरी कुठे आहे?"

बाबा मागे वळून बघतात, तो भिंगरी जिना उतरत होती. हातात माशांचं काठोकाठ भरलेलं काचेचं भांडं! तिनं टीव्हीवाल्याला बगल दिली, कुणाच्या तरी बॅगेवरून उडी मारली, वाटेत अडकलेल्या काकूंना गर्रकन वळसा घातला आणि शेवटच्या तीन पायऱ्या ओलांडून एका पायावर अलगद उतरली. पाण्याचा थेंब सांडला नाही!

"भूकंप नाहीये, बाई," ती धापा टाकत म्हणाली. "पण बाबा परत वर गेले तर या माशांवर पडतील, म्हणून आणलं!"

बाई बघतच राहिल्या. "रविवारी वेळेवर ये. घेतलं तुला संघात!"

बाबा पडदा सावरत पुढे झाले. "बघा! शेवटी शिकवणी कुणाची?"

बाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्हीही या उद्यापासून. पाच वर्षांखालच्या वर्गात एक जागा आहे. फक्त पडताना आजूबाजूला बघा हं, मुलं लहान आहेत!"