जपान नाचवणारा हिरामण

आमच्या शेजारच्या हिरामणनं जपान नाचवला आहे. ब्राझील आणि ग्रीसही नाचवलेत, पण जपानच्या वेळी मी हजर होते, म्हणून त्याचं नाव आधी.

हिरामण धुमाल पार्टीत कीबोर्ड वाजवतो. धुमाल म्हणजे गाडीवर भोंगे, गाडीपुढे ढोल-ताशे आणि ज्यांना कान आहेत त्यांचं वाटोळं. बाकीचे कीबोर्डवाले सिनेमाची गाणी वाजवून मोकळे होतात. याला परदेशांची राष्ट्रगीतं लागतात. मोबाईलवर ऐकायची, चाल उचलायची आणि खाली धुमालचा ठेका घालायचा. याला तो 'मॉडर्न म्युझिक' म्हणतो. मी काय म्हणते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमच्या दोन घरांत भिंत एकच. मी वरणाला फोडणी देते तेव्हा पलीकडे ब्राझील सुरू असतो. शेवटी एकदा अंगणातून विचारलंच, "भाऊजी, कायले त्या देशांच्या मागं लागले तुमी?"

"वैनी, लोकं ते गाणं उभ्यानं आयकतात. मी त्याले नाचवून राहिलो. गाण्याले घाम आला पाह्यजे."

"मंग आपल्याच देशाचं घ्या ना."

त्यानं दोन्ही कान पकडले. "आपलं नाही." लाजसुद्धा माणसाला सोयीनं येते.

मग देवरीला माझ्या पुतण्याचं लग्न झालं. ऐन वरातीत यानं जपान काढला. नवरदेवाचे फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, फौजेतून निवृत्त झालेले. राष्ट्रगीताची चाल ओळखून ते घोड्यापुढेच सावधान उभे राहिले. फुफाजी थांबले म्हणून घोडा थांबला, घोडा थांबला म्हणून वरात थांबली. मांडवात नवरीचा मामा घड्याळ बघून दात-ओठ खातोय आणि इकडे हिरामणला वाटलं, लोक भारावले. त्यानं जपान पुन्हा पहिल्यापासून घेतला.

यंदा आमगावला माझ्या भाचीच्या लग्नात भावानं नेमकी हीच पार्टी ठरवली. मी टोमणे घोळवूनच गेले होते. पण हिरामणनं सगळी सिनेमाची गाणी वाजवली, तीही रडतखडत, अर्धं लक्ष मोबाईलवर. पंगतीत वाढताना मी त्याला गाठलं.

"काऊन भाऊजी, देश संपले का जगातले?"

तो हसला नाही. त्याचा एकुलता मुलगा प्रशांत मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे, एवढं मला माहीत होतं. आईविना वाढलेलं पोर.

"पोट्टा बंदरात उतरला का फोन करते," हिरामण पानाकडं बघत म्हणाला. "ज्या देशातून फोन आला, त्या देशाचं मी वाजवतो. जपानले होता तवा जपान वाजवला."

"आन् आता?"

"आता पाण्यात आहे. लय दिवस झाले, फोनच नाही. समुद्राचं कोणतं गाणं राहते, वैनी?"

त्याच्या पानात भात होता, तरी मी आणखी वाढला.

परत आल्यापासून ती भिंत गप्प आहे. सकाळी फोडणी देताना मी गॅस बारीक करते आणि कान तिकडं लावते. कोणताही देश चालेल मला.