सोळा वर्षांखालील मुलांना आप्पा बंद

"सही करायच्या आधी कागद वाचत जा, पोरी," असं आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, मला एकदा बजावलं होतं. मी बी.कॉम. फर्स्ट क्लास. आप्पा चौथी, तीही निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला लागायच्या घाईत अर्धवट सोडलेली. मी ऐकलं नाही.

त्या सोमवारी सौम्याच्या शाळेत पालकसभा होती. सौम्या माझी मुलगी, पहिलीत. मुलांसाठी ॲपवर जगभर बंदी येतेय, कुठं पंधरा वर्षं, कुठं सोळा, असं मी रोज काळजीनं वाचत होते. मोबाईलवरच. त्यामुळे बाईंनी बंदीचं संमतिपत्र पुढं करताच सगळ्यांच्या आधी मी सही ठोकली.

घरी येऊन कागद वाचला. मूळ आदेश कन्नडमध्ये होता. सीमाभागातल्या मराठी पालकांच्या सोयीसाठी तालुक्याच्या शिक्षण कचेरीनं त्याचं मराठी केलं होतं आणि त्या प्रवासात 'ॲप'चा 'आप्पा' झाला होता.

"सोळा वर्षांखालील मुलांना आप्पा वापरण्यास सक्त मनाई आहे. आप्पांमुळे अभ्यास बुडतो, झोप बिघडते व खोटी माहिती पसरते. घरातील आप्पा तात्काळ बंद करून तसे कळवावे."

दुसऱ्याच दिवशी तपासणीला कचेरीतले नागेंद्र आले. गळ्यात ओळखपत्र, काखेत रजिस्टर.

"घरात आप्पा किती री?"

"एकच. पण साहेब, ते ॲप असेल हो. चूक झालीय."

"ॲप असतं तर ॲप लिहिलं असतं की, मॅडम. खाली गोल शिक्का हाय. शिक्का मारल्यावर चूक ऱ्हात न्हाय."

बाहेरच्या सोप्यात आप्पा सौम्याला मांडीवर घेऊन बसले होते. "मग काय गं, लोंढ्याच्या जंगलात वाघ म्होरं उभा! म्या म्हटलं, बाजूला हो रं, माझी गाडी चुकंल. झाला की बाजूला!"

नागेंद्रनी रजिस्टरात लिहिलं : खोटी माहिती, आढळली.

"पोरगी रोज किती वेळ वापरती?"

"शाळेतनं आल्यापासून झोपेपर्यंत," मी बोलून गेले. माझं हे असंच. घाबरले की खरं बोलते.

"अय्यो! व्यसनच की. शेवटचं अपडेट कधी केलं?"

"पाडव्याला मोतीबिंदू काढला," आप्पांनी स्वतःच सांगितलं.

मी कचेरीत दुरुस्तीचा अर्ज दिला : 'आप्पा नव्हे, ॲप.' त्याचं कन्नड झालं, वर जाऊन आलं, पुन्हा मराठी झालं. आठवड्यानं उत्तर मिळालं : "आपल्या मागणीनुसार आप्पांसोबत आक्कांवरही बंदी घालण्यात येत आहे." शेजारच्या मंगलआक्कांनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं.

मी दुसरा अर्ज केला नाही. गल्लीत काकाही बरेच होते.

आप्पा घरामागच्या परड्यातल्या खोलीत गेले. बाहेरून कडी, कारण आदेशात 'बंद' असा शब्द होता. "ऱ्हातो की," आप्पा म्हणाले, "सही तुझी हाय न्हवं?" गल्लीतली मोठी पोरं मात्र हुशार निघाली. कागल महाराष्ट्रात, तिथं हा आदेश लागू नव्हता. रविवारी एस.टी.नं जाऊन ती कागलच्या पारावर बसलेले आप्पा मनसोक्त वापरून येऊ लागली. कचेरीनं यावर कडक पत्र लिहिलं. ते कागलला पोचलं तेव्हा त्याचं काय झालं होतं कुणास ठाऊक, तिथल्या पाराला कुणीतरी रंग लावून दिला.

सौम्या पहिले दोन दिवस परड्याच्या दाराशी बसून रडली. "वाघाचं पुढं काय झालं?" माझा स्वयंपाक होईना. शेवटी तिच्या हातात मोबाईल दिला. ती गप्प झाली. आप्पांना एकटं वाटू नये म्हणून जुना मोबाईल त्यांनाही दिला. तेही गप्प झाले.

पुढच्या तपासणीत नागेंद्रनी मोबाईलमध्ये बुडालेली सौम्या बघितली.

"हे चालतं का हो?" मी विचारलं.

"मोबाईलबद्दल आदेशात काय न्हाय." त्यांनी आमच्या घराला 'आदर्श कुटुंब' असं प्रमाणपत्र दिलं.

तीन आठवड्यांनी शुद्धिपत्रक आलं : 'आप्पा' या शब्दाऐवजी 'ॲप' वाचावे. मी धावत परड्यात गेले, कडी काढली.

"आप्पा, सुटलात! चला, सौम्या वाट बघतेय."

"थांब जरा, पोरी." मान वर झाली नाही. मोबाईलवर एक वाघ रस्ता ओलांडत होता. आप्पा त्याला बोटानं वर ढकलून पुढचा वाघ बघत होते.

मी सोप्यात आले. "सौम्या, आप्पा सुटले बघ!"

"थांब गं आई."

नागेंद्रना फोन केला. ते म्हणाले, पोरीचं आता बंद करा, नियमच हाय. आप्पांचं वय त्र्याहत्तर, त्यांना चालतंय. मी पोरीचा मोबाईल काढून घेतला. ती परड्यात जाऊन आप्पांशेजारी बसली. आप्पांनी तिला वाघाचं पुढं काय झालं ते सांगितलं नाही, नुसता मोबाईल थोडा तिच्याकडं कलता केला.

आमच्याकडं आप्पा बंद करायला निदान आदेश आला होता, खाली गोल शिक्का होता. तुमच्याकडं तर आदेशही आला नव्हता. तेव्हा एवढं वाचून झालं की जरा आतल्या खोलीत डोकावून या. तुमचे आप्पा काय करताहेत बघा. हाक मारा. आणि त्यांनी एखादा वाघ काढलाच, तर खरा की खोटा ते विचारू नका.