आत्याबाईंस गाडी लागते, त्याची हकीकत

घरच्या लेकराबाळांनी पुसिले की, बर्फाच्या डोंगरावरील राष्ट्रीय उद्यानाची हिवाळी मोहीम नेमिली, तिची किल्ली अखेरीस कोणाच्या हाती गेली, ते यथास्थित सांगावे. तर चित्त देऊन ऐकावे. मध्येच पाणी प्यायला उठू नये.

आत्याबाई म्हणजे बालवर्गाच्या बाई. दर हिवाळ्यात वर्गाच्या भिंतीवर कापसाचा बर्फ चिकटवून डोंगर उभा करीत, आणि दरसाल कोणी शेंबडा उमराव उठोन पुसे की, बाई, खरा बर्फ हाताला कसा लागतो? मग आत्याबाई ‘गार’ एवढेच बोलून खडू शोधू लागत. खुद्द बर्फ त्यांनी कधी पाहिला नव्हता, आणि ही गोष्ट जिवास लागून होती.

ऐशात त्यांचे वडीलबंधू दादासाहेब, औषधांचे दुकानदार, यांनी स्वयंपाकघरातील टेबलावर नकाशा पसरून मसलत मांडिली की, जोडून सुटी साधून उद्यान सर करावे. वहिनीसाहेबांकडे लोकरीचा सरंजाम, कन्या ठकूबाईंकडे दुर्बीण, आणि आत्याबाईंनी फक्त यावे, ऐसे हुकूम सुटले. आत्याबाई हर्षाने फुलल्या, आणि मग नकाशावरील घाटाची वेटोळी दृष्टीस पडली. सहकुटुंब स्वारी निघता दादासाहेबांवाचून कोणी चाकास हात लावणे म्हणजे फितुरी, ऐसा या दौलतीचा शिरस्ता; आणि मागे बसून घाट चढणे आत्याबाईंच्या पोटास सोसणारे नव्हते. परंतु पोरांस धीर शिकविणाऱ्या बाईने मळमळीचे नाव काढावे कैसे? म्हणोन भांड्यांच्या खडखडाटाआड वहिनीसाहेबांच्या कानी लागून कळविले की, आम्ही येत नाही.

वहिनीसाहेब कारण ताडोन वकिलीस गेल्या आणि दुकानी जाऊन एवढेच बोलल्या की, वन्संना गाडी लागते. दादासाहेब खोकल्याच्या बाटल्या मांडीत होते. त्यांनी अर्धे ऐकिले आणि अर्थ पुरता भलताच काढिला की, आपली जुनी गाडी बहिणीच्या नजरेत भरत नाही, तीस थोर गाडी लागते. मग अभिमान उफाळला, आणि भाड्याने ऐसा अजस्र रथ आणविला की, गल्लीतील मांजरे वाट सोडून पळाली. त्यात सर्वांत मागील बाक, ऐन चाकांच्या माथ्यावरचा, गाद्याउशा रचून आत्याबाईंच्या नावे मुक्रर केला, आणि दारात छाती काढून म्हणाले, “तुला गाडी लागते ना? घे, आता लागेल तेवढी लागू दे.”

तो बाक पाहताच, उभ्या गाडीतच, आत्याबाईंच्या पोटात ढवळू लागले. मग लाज गिळोन बोलल्या, “दादा, गाडी लागते म्हणजे मळमळतं रे मला.”

दादासाहेबांनी तात्काळ गोळ्यांची कुमक देऊ केली. आत्याबाईंनी ती परतविली की, गोळी घेता आम्ही निजतो, मग बर्फ कोणी पाहावा?

तेव्हा ठकूबाईंनी शंका काढिली, “पण आत्या, तू तर रोज शाळेत गाडीनेच जातेस.”

“स्वतः चालवताना कुठे लागते?” आत्याबाई सहज बोलून गेल्या.

तोच सर्वांच्या नजरा दादासाहेबांच्या मुठीतील किल्लीवर खिळल्या. पूर्वी किल्ल्यांसाठी झुंजी होत. ही किल्लीसाठी जाहली. दादासाहेबांनी धुके पुढे केले, निसरडे रस्ते पुढे केले, रथाची भाडेपट्टी पुढे केली. वहिनीसाहेबांनी एकच फर्मान काढिले की, वन्सं नाहीत तर आम्हीही नाही. मग तह ठरला: गावामागील टेकडीवर परीक्षा व्हावी, आणि दादासाहेबांनी त्याच मागील बाकावर बसून देखरेख करावी.

आत्याबाईंनी चाक धरिले, आणि बालवर्गाची रांग वळवावी तैसा तो रथ वळविला. मागून ‘क्लच, क्लच’ ऐसा चौघडा झडत होता. पहिल्या वळणास तो मंदावला, पुढच्या वळणास बंद पडला, आणि टेकडीचा माथा दिसतो न दिसतो तोच दादासाहेबांचा चेहरा पालेभाजीसारखा हिरवा जाहला. जन्मभर चालकाच्या गादीवरून न उतरल्याने त्यांस ठाऊकच नव्हते की, हा विकार घराण्याचा आहे.

“अगं, थांबव गं,” दादासाहेब उशीत तोंड खुपसून म्हणाले, “मला गाडी लागली.”

आत्याबाईंनी रथ कडेस लाविला, बंधूंची पाठ चोळिली, आणि हसू फुटू नये म्हणोन पदर तोंडास लाविला.

तेणेप्रमाणे करार जाहला की, घाटात चाक आत्याबाईंकडे राहावे, आणि दादासाहेबांनी शेजारी काच उतरवून मौन धरून बसावे. मौनाचे कलम ठकूबाईंनी हट्टाने घालून घेतले. मोहीम कायम जाहली, आत्याबाईंची फत्ते जाहली, ती येथे नमूद केली. दादासाहेबांची संमती घेणे राहिले, कारण ते अद्याप रस्त्याकडेच्या दगडावर बसोन लांब श्वास घेत होते. परंतु त्यांनी मान हलविली, ती सर्वांनी होकार म्हणोन धरिली.