पूजेतला हेडक्लार्क

सरकारी कायदा निपाणीत माझ्याइतका कोणालाच कळत नाही, असं मी म्हणत नाही. कायद्याला तोंड असतं तर तोच म्हणाला असता!

मी मारुतीराव चौगुले, मूळचा कडोलीचा, निपाणीच्या वजनमाप कचेरीचा हेडक्लार्क. पेठेतले भले भले व्यापारी वर्षातून एकदा आपले तराजू, शेर, मापटी घेऊन माझ्यासमोर उभे राहायचे. मी वजन काट्यात टाकायचो, चष्म्यावरून बघायचो आणि नुसतं "हूं" म्हणायचो. तेवढ्यानं माणसाला घाम फुटायचा! अशा दराऱ्यात माझं आयुष्य सुखात गेलं असतं, पण रस्त्याच्या पलीकडं कलगोंडा होता.

आमच्या दाराच्या बरोबर समोर तंबाखू कचेरी. तिचा हेडक्लार्क कलगोंडा पाटील. गोदामांतल्या तंबाखूची तपासणी त्याच्याकडं, बाजारातल्या वजनांची माझ्याकडं. पगार सारखा, हुद्दा सारखा, दोघांच्या डोक्याला टक्कलही सारखंच. फरक एकच. कलगोंडाला फिरती खुर्ची होती!

वेताची बैठक, गुळगुळीत हात आणि खाली लोखंडी मळसूत्र. बेळगावच्या कुठल्याशा बड्या साहेबानं टाकून दिलेली खुर्ची तंबाखू कचेरीच्या वाट्याला आली होती. आमच्याकडं शिसवी खुर्ची. तिच्यात बसून मागं बघायचं म्हणजे अख्खा माणूस उठवावा लागतो. आणि हा कलगोंडा रोज सकाळी बसल्या जागी अर्धा वळून रस्त्यापलीकडून विचारायचा, "मारुतीराव, च्या झाला काय?"

अर्धा वळून! माणसानं शिवी दिली तर देता येते. पण च्या झाला काय म्हणणाऱ्याला काय देणार? मी "व्हय, झाला" म्हणायचो आणि त्या दिवशी पहिला जो व्यापारी यायचा, त्याचं वजन खोटं काढायचो.

घरीही सुटका नव्हती. आमची अंबू आणि कलगोंडाची चंदना एकाच आडावर पाणी भरायच्या. अंबू घागर खाली ठेवायच्या आधी तोंड उघडायची.

"चंदनाक्काचा नवरा खुर्चीत बसून गरागरा फिरतोय म्हणं. तुमी कवा फिरणार?"

"अगं, सरकारी काम काय पाळण्यात बसून करत्यात?"

"करत्यात की! त्यो करतोय न्हवं?"

मी जेवायला बसायचो आणि अर्धी भाकरी टाकून उठायचो. खरं सांगतो, मला त्या खुर्चीची स्वप्नं पडत. स्वप्नात मी फिरतो आहे आणि कलगोंडा शिसवी खुर्चीत मान अवघडून बसला आहे. तेवढ्यापुरती मला गाढ झोप लागायची.

अशात जर्मनची लढाई संपली. लढाईत सरकारचा हात सढळ सुटलेला, आता काटकसर सुरू झाली. बेळगावहून साल्ढाणा साहेब हुकूम घेऊन आले आणि आम्हा दोघांना उभं करून त्यांनी तो वाचला. वजनमाप आणि तंबाखू, या दोन तपासणी कचेऱ्या मोडून एकच कचेरी करायची. तंबाखू कचेरीची इमारत मोठी, म्हणून वजनमापची माणसं आणि सामान तिकडं हलवायचं. कोणाची नोकरी जाणार नाही, पगार कमी होणार नाही.

"पण हेडक्लार्क एकच," साहेब म्हणाले. "जी कचेरी जागेवर राहील, तिचा हेडक्लार्क तोच पुढं हेडक्लार्क. जी हलेल, तिचा दुय्यम."

दुय्यम! कलगोंडाच्या हाताखाली! तो फिरत्या खुर्चीतून अर्धा वळून मला कागद देणार आणि मी तो घेणार! कलगोंडानं तोंड पाडून म्हटलं, "साहेब, मारुतीरावास्नीच करा की हेडक्लार्क." मला दाखवायला चांगुलपणा! मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पण मी काय म्हणालो होतो? कायदा! तो हुकूम मी साहेबांकडून मागून घेतला आणि वरपासून तळापर्यंत वाचला. शेवटी एक कलम होतं: ठरल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, सामान हलवणं अशक्य झालं आणि हेडक्लार्कनं तसं लिहून दिलं, तर ती कचेरी जागेवर ठेवावी आणि दुसरीच तिकडं आणावी.

आणि ठरला दिवस कोणता? पुण्यात बसलेल्या कुणा साहेबानं पंचांग न बघता तारीख टाकली होती, ती नेमकी खंडेनवमीची!

आता आपल्यात खंडेनवमीला काय करतात हे काय सांगायला पाहिजे? शेतकरी नांगर-कुळव पुजतो, सुतार रंधा पुजतो, आणि आम्ही वजनमापवाले काटा आणि वजनं पुजतो. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, हलवायचं नाही, वापरायचं तर नाहीच. म्हणजे नवमीला सगळी कचेरी पूजेत घातली की ती हलवणार कोण? ब्रिटिश सरकारचा बाप आला तरी हलवणार नाही!

अष्टमीला संध्याकाळी मी शिपायाला बोलावलं. आमचा रवळू साठीला आलेला, सांगितलं तेवढंच करणारा, पण तेवढं मात्र करणारच.

"रवळू, उद्या उजाडायच्या आत पूजा मांड. कचेरीतली एकबी वस्तू सुटता कामा न्हाय."

"एकबी न्हाय?"

"एकबी न्हाय! सुटली तर तुझ्याकडनं घेईन."

नवमीला सकाळी मी नवं धोतर नेसून कचेरीत आलो आणि डोळे निवले! मोठ्या काट्याच्या दोन्ही पारड्यांना झेंडूच्या माळा. मणाच्या वजनापासून पावशेरापर्यंत प्रत्येकाला हळदकुंकू. कपाट, पेटी, शिसवी खुर्ची, केरसुणी, पाण्याचा माठ, सगळ्यांना बोटं लावलेली. मी कोट खुंटीला अडकवून नारळ फोडला. रवळूला म्हटलं, "शाब्बास रं गड्या!"

दहाच्या सुमाराला साल्ढाणा साहेब आले. बरोबर भरमूची बैलगाडी. मी हात जोडून दारात आडवा उभा राहिलो.

"साहेब, आज खंडेनवमी. समदं सामान पूजेत हाय. हलवलं तर धर्म बुडतोय."

साहेबांनी आत डोकावून बघितलं आणि झटकन टोपी काढली. "छे, छे! सरकार कोणाच्या धर्मात हात घालत नाही. मग तसं लिहून द्या, सही करा. तंबाखू कचेरी इकडं आणू."

झालं! जिंकलो! कलगोंडा रस्ता ओलांडून दारात येऊन उभा होता. त्याचं तोंड बघायला मी मुद्दाम वळलो, अख्खा वळलो. आणि तो म्हणतो काय, "मारुतीराव, लई झ्याक पूजा मांडलीसा!"

मी दात खाऊन टेबलाकडं गेलो आणि टाक उचलायला हात पुढं केला. टाकाला हळदकुंकू होतं. दौतीवर झेंडूचं फूल होतं. पेन्सिलीला दोरा गुंडाळला होता.

"रवळू! दुसरा टाक आण."

"त्योबी पुजलाय की."

"कोटाच्या खिशात हाय बघ एक!"

"कोटावरबी अक्षता टाकल्या, मालक. तुमी नारळ फोडताना. तुमीच म्हणालतासा, एकबी वस्तू सुटाय नको."

साहेब घड्याळ बघू लागले. मला घाम फुटला. तेवढ्यात कलगोंडानं स्वतःच्या खिशातून टाक काढून माझ्यापुढं धरला.

"घ्या, ह्येनं लिवा."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "तुमच्याकडं पूजा नाही?"

"हाय की साहेब. एक टाक पुजला, समद्यांच्या वतीनं. सरकारचं काम अडाय नको म्हणून दुसरा भाईर ठेवला."

"व्हेरी गुड!" साहेब म्हणाले.

आता वाचकहो, तुम्ही शहाणे आहात. तुम्ही म्हणाल, मारुतीराव, घे तो टाक, कर सही आणि हो हेडक्लार्क! मलाही ते कळत होतं. पण तो टाक मी बघितला. चांदीच्या मुठीचा! हा त्याच्याकडं कधी आला? आणि मला कसा कळला नाही? शिवाय "व्हेरी गुड" त्याला! माझी एवढी पूजा, तिला नुसतं "छे छे", आणि याच्या एका टाकाला "व्हेरी गुड"!

माझ्या तोंडातून निघून गेलं, "दुसऱ्याच्या टाकानं मी लिवत न्हाय!"

"का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय म्हंजे न्हाय!"

"मग लिहून मिळालं नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "कलम लागू होत नाही. सामान पूजेत आहे, ते उद्या हलेल. माणसं आज हलतील. माणसांची पूजा झालेली नाही ना?"

रवळूनं आपलं गाठोडं उचललं आणि तो रस्ता ओलांडून गेलासुद्धा! कलगोंडा म्हणाला, "या मारुतीराव, बाकावर बसा." बाकावर!

मग मला काय झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. मी कुंकवाच्या वाटीत पंजा घातला, कपाळभर फासला, मोठ्या काट्याची माळ काढून गळ्यात घातली आणि धाडकन पारड्यात जाऊन बसलो. पारडं जमिनीला टेकलं, पलीकडचं वर आढ्याला लागलं.

"मीबी पूजेत हाय!" मी ओरडलो. "हलवून दाखवा!"

साहेबांनी पुन्हा टोपी काढली. मग कलगोंडाला म्हणाले, "लिहा. यांना माणसांत धरू नका. सामानात धरा."

आणि कलगोंडानं त्या चांदीच्या टाकानं लिहिलं!

दुपारी अंबू ताट घेऊन आली, कारण रवळूनं तिला सांगितलं होतं की पूजेतल्यांना निवद दाखवावा लागतो. तिनं पारड्यापुढं ताट ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "आता ओवाळू का?" मी पुरणपोळीचा घास घेतला. समोर दिवस मावळला. कचेरी हलली नाही, मीही हललो नाही, फक्त हेडक्लार्कपण तेवढं रस्ता ओलांडून गेलं. साहेब डाकबंगल्याकडं गेले तसा मी गुपचूप घरी आलो.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली. मी कपाळ धुऊन, चालत रस्ता ओलांडायला निघालो, तर कलगोंडा हात जोडून आडवा आला.

"मारुतीराव, वाईच पारड्यात बसा. सामान मी ताब्यात घेतोय. एक नग कमी भरला तर साहेब माझा जबाब घेतील. आनि सामान गाडीतनंच आलं पायजे, असा नियम हाय."

कायदा मला शिकवतो! पण साहेब दारात मोजत उभे होते. मी बसलो. भरमूनं काटा, वजनं, खुर्ची, माठ आणि मी, असं सगळं गाडीत भरलं. रस्ता दहा पावलांचा, पण गल्ली एवढी चिंचोळी की गाडी वळेना! "आता सारी पेठ वळसा घालून यावं लागतंय," भरमू म्हणाला आणि बैलांना हाकलू लागला.

अख्ख्या निपाणीनं मला बघितलं. ज्यांच्या वजनांवर मी "हूं" म्हणालो होतो, ते सगळे व्यापारी दुकानाच्या पायरीवर आले. कोणी हसलं नाही. सगळे एका सुरात "हूं" म्हणाले. कलगोंडाच्या घरावरून गाडी गेली तेव्हा ओट्यावर चंदना आणि आमची अंबू, दोघी आपट्याची पानं हातात घेऊन उभ्या होत्या. अंबूनं मला ओळखलं आणि ओरडली, "फिरलासा बया एकदाचं!"

नव्या कचेरीत उतरलो तेव्हा मी कलगोंडाशी जन्मभर बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो आला, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं, पाया पडला. मी वयानं थोरला. मग फिरती खुर्ची ओढून माझ्यापुढं आणली.

"ही तुमी घ्या. मला हिच्यात गरगरतंय. सरकारी म्हणून इतकी वरसं सोसली. तुमची ती शिसवी मला द्या, न्हाईतर हाय माझं स्टूल."

मी शिसवी खुर्ची दिली नाही. का द्यायची? ती मी घरी नेऊन ठेवायचा विचार सांगितला, तर साहेब म्हणाले सरकारी सामान आहे. मग ती कोपऱ्यात राहिली आणि कलगोंडा स्टुलावर बसला.

तेव्हापासून मी फिरतो आहे. दुय्यम असलो तरी फिरतो. दर साली साहेब मोजणीला येतात, काटा, वजनं, माठ मोजत माझ्यापाशी येऊन थांबतात आणि खूण करून पुढं जातात, कारण सामानातून माझं नाव काढायचा हुकूम पुण्याहून अजून आलेला नाही. त्याचं मला काही वाटत नाही.

पण लोक बघा! पेठेत जो तो म्हणतो, "काय कलगोंडाआण्णा साधा मानूस! हेडक्लार्क आसून स्टुलावर बसतोय!" आणि बसतोही कसा, ताठ! कंबर दुखत नाही, मान दुखत नाही. चार पायांचं साधं बाभळीचं स्टूल, पण काय बनवलंय! कालच मी रवळूला बाजूला घेतलं, दोन्हीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "रवळू, तसलं स्टूल आनि एखादं कुठं मिळंल काय रं?"