नियम सात आणि वरचा ओठ

लग्न दोन कुटुंबांचं असलं तरी त्याची सुरुवात एका फोटोने होते, हे सत्य आता सर्वमान्य आहे. सोलापुरातल्या आमच्या वधू-वर सूचक मंडळाने ते फार पूर्वीच ओळखलं. मी या मंडळाचा चिटणीस. (पद विनावेतन आहे, अधिकार मात्र भरपूर.)

आमच्या पुस्तिकेचे फोटो हारूनच्या स्टुडिओत काढले जातात. हारून कलावंत माणूस. तो वधूचा रंग उजळतो, नाक सरळ करतो आणि ओठ भरतो. यात तो कोणताही भेदभाव करत नाही. गेल्या पुस्तिकेतल्या एकशे बारा मुलींपैकी एकशे चार जणींचा वरचा ओठ एकच होता. (उरलेल्या आठ जणींनी फोटो घरून आणले होते. त्यांच्यासाठी अद्याप विचारणा नाही.)

पुढे तक्रारी आल्या. "फोटोतली पोरगी कुटं हाय?" असं एका वरपित्याने चहाचा कप खाली ठेवून विचारलं. म्हणून मंडळाने नियम सात मंजूर केला: पाहण्याच्या कार्यक्रमात चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. न जुळल्यास दोहोंपैकी काय बदलावं, यावर चर्चा झाली. पुस्तिकेच्या दोन हजार प्रती वाटून झाल्या होत्या. चेहरा एकच होता, आणि तोही घरातच असतो. ठराव एकमताने झाला.

महेश्वरराव आमचे कार्यकारिणी सदस्य, सृष्टी त्यांची मुलगी. अकलूजचे पाहुणे रविवारी येणार म्हणून गुरुवारी तिला एका ब्युटी पार्लरमध्ये नेण्यात आलं. तिथे मेंदीच्या शेजारच्या खुर्चीवर ओठ भरण्याची, म्हणजे फिलरची, इंजेक्शनं मिळतात. पार्लरवाल्या बाईंचा कोर्स दोन दिवसांचा झाला आहे (दुसरा दिवस प्रमाणपत्र वाटपाचा). संमतिपत्राच्या मागे संभाव्य त्रास बारीक अक्षरात छापले आहेत: सूज, गाठी, जंतुसंसर्ग, रक्तवाहिनी बंद होणे, कातडी मरणे, क्वचित अंधत्व. यादी अत्यंत प्रामाणिक आहे. महेश्वररावांनी ती न वाचता सही केली. सृष्टीचं वय सव्वीस. पण सहीचा रकाना 'पालक' असा एकच होता.

घरी येईपर्यंत तिचा वरचा ओठ पांढरा पडला. मग नाकाखाली जांभळी जाळी उठली. "पप्पा, लई दुखतंय," ती म्हणाली. बाईंनी फोनवर सांगितलं, "सेट होतंय, बर्फ लावा." महेश्वररावांनी मला फोन केला. मी नियम काढून पाहिले. फोटोत जांभळा रंग नव्हता, त्यामुळे हरकत निघण्याची शक्यता होती. रविवारपर्यंत उतरेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. ओठाचं मत घेतलं नाही.

सृष्टीची आत्या मायाक्का त्याच दुपारी वळसंगहून आल्या होत्या. त्या शेळ्या पाळतात. मंडळाच्या सभासद नाहीत. त्यांनी ओठ बोटाने दाबून सोडला.

"बोट काढलं तरी रंग फिरंना. रक्त अडलंय की हितं. माज्या शेळीच्या पायाला दावं आवळलं, तवा असंच झालं हुतं. पाय गेला तिचा. ऊठ पोरी."

"अक्का, दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं तर?" महेश्वरराव म्हणाले.

"भेटू दे की! पोरीचा वठ चाललाय, आन् तुला पावण्यांची पडलीय व्हय?"

ओठात भरलेलं सगळं विरघळवणारी इंजेक्शनं त्वचेच्या डॉक्टरांनी दिली, तासातासाने तीनदा. आणखी उशीर झाला असता तर तेवढा भाग काळा पडून गेला असता, असं ते म्हणाले. ओठ वाचला. कोपऱ्याला ज्वारीच्या दाण्याएवढा व्रण राहिला. बाकी ओठ पूर्वीसारखाच झाला, म्हणजे नियम सातचा उघड भंग.

रविवारी पाहुणे आले. वर जोतिराम यांच्या फोटोत दाट केस होते. येताना ते आणले नव्हते. (वरांना नियम सात लागू नाही. 'फोटो जुना आहे' एवढा खुलासा पुरतो.) त्यांनी पुस्तिका उघडून सृष्टीच्या तोंडाशेजारी धरली.

"जुळत न्हाय की," ते म्हणाले.

सृष्टीने पुस्तिका त्यांच्या हातून घेतली, त्यांचं पान काढलं आणि त्यांच्या डोक्याशेजारी धरली. "व्हय," ती म्हणाली, "न्हाईच जुळत." आणि पोह्यांची बशी तशीच ठेवून आत्याबरोबर वळसंगला निघून गेली.

मंडळाने शिस्तभंगाबद्दल तिचं नाव यादीतून वगळलं. ठरावावर सही करताना मला राग आला होता. कुणाचा, ते अजून ठरत नाही.

पुस्तिकेत फोटोखाली सृष्टीचं शिक्षण, नोकरी, आवडीनिवडी अशा पाच ओळी होत्या. अकलूजकरांनी त्या वाचल्या नाहीत. मीही इथे दिल्या नाहीत, आणि आपलंही त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही. व्रण कितपत दिसतो, हे मात्र आपल्या मनात येऊन गेलं असेल.

संकोच नको. फोटो पाठवू का?