निवडणुकीपुरता साकव

साकव तुम्ही पळवलात. होय, तुम्हालाच म्हणतोय. खुर्चीच्या पाठीला टॉवेल लावून बसता, दारावर पितळी पाटी ठोकता, आणि पाटीवर तुमच्याहून मोठा हुद्दा मावतो, ते तुम्ही. चोराने निदान काळोख पडायची वाट पाहिली असती. तुम्ही दिवसाढवळ्या, भर पावसात माणसं आणि पहारी धाडल्या आणि आसनकोंडाचा लाकडी साकव फळीफळीने उचलून नेलात. तुमच्या दप्तरी या मतदारसंघाचा इतिहास एका ओळीत आटोपतो: 'तिन्ही निवडणुका शांततेत पार पडल्या.' आता उरलेला इतिहास ऐका. तो चंद्राबाईचा आहे.

आसनकोंड हा उमरठ गावाच्या वरच्या अंगाचा लहानसा कोंड, म्हणजे वाडी. त्याच्या आणि पोलादपूरच्या वाटेच्या मधून एक ओढा जातो. शिमग्याला त्यात बेडूक तहानेने मरतो आणि आषाढात म्हैस वाहून जाते. पहिल्या निवडणुकीच्या आधीच्या पावसाळ्यात चंद्राबाईची लेक बया बाळंतपणात अडली. डोली ओढ्यापर्यंत गेली आणि पाणी उतरायची वाट बघत काठावर थांबली. पाणी उतरलं तेव्हा डोलीतून कण्हणंही येत नव्हतं. तेव्हापासून चंद्राबाईला सरकारकडून एकच गोष्ट हवी होती. ओढ्यावर साकव.

बावन्न साली निवडणूक आली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचं चित्र. देवळात तीन पेट्या मांडल्या: कंदील, होडी आणि छत्री. कोंडाने आधी हात जोडले. कोंडाची रीत अशी की नारळ फुटला की खोबऱ्याचा तुकडा सगळ्या देवांना जातो. एकाला दिला आणि दुसऱ्याला विसरलं तर वर्षभर रोगराई. चंद्राबाईने गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ओढ्यावर साकव होऊ दे," आणि मतपत्रिकेचे तीन तुकडे करून तीन पेट्यांत एकेक टाकला. मागून साऱ्या कोंडाने तेच केलं. यथावकाश वरून निष्कर्ष आला: आसनकोंड येथे एकही वैध मत आढळले नाही, सबब तेथे वस्ती असल्याचे दिसून येत नाही, सबब साकवाची मागणी विचारात घेण्याचे कारण उरत नाही.

सत्तावन्न साली कोंड शहाणा झाला. सगळी मतं होडीच्या पेटीत गेली आणि होडी निवडून आली. कोंडाची माणसं नारळ घेऊन महाडला गेली. होडीवाले साहेब गहिवरले. "अरे, तुम्ही तर घरचीच माणसं! घरच्यांना कुणी देतं का काही? द्यायचं ते रुसलेल्यांना." मग माणसं पडलेल्या कंदिलाकडे गेली. तो म्हणाला, "होडीत बसलात ना? मग होडीतूनच जा पलीकडे."

बासष्ट साली मात्र साकव आला. कोंडाने मागितला म्हणून आला, असा गैरसमज नको. नवा नियम निघाला होता की मतपेटी जलप्रवाहातून नेऊ नये, पुलावरूनच न्यावी. माघ सरत होता. ओढ्यात गुरं दगड चाटत होती आणि त्यांच्या डोक्यावर सरकारी माणसं फळ्या ठोकत होती.

"दादा, पानी नाय तर साकव कशाला?" चंद्राबाईने ओव्हरसियरला विचारलं.

"बाई, नकाशात ओढा निळा आहे."

"मग पावसात ऱ्हायल ना?"

"छे! हे निवडणूक साहित्य. पेटी, शाई, शिक्का, साकव. मतदान संपलं की सगळं जमा."

चंद्राबाईची सून साळू शेजारीच उभी होती. तिचं पोट नुकतं दिसू लागलं होतं. दिवस आषाढात भरत होते.

मतदानाला केंद्रप्रमुख म्हणून महाडचे परकार मास्तर आले. माणूस नेक, नियमाला जपणारा. आता पेटी एकच होती, आणि सकाळीच तंटा उभा राहिला: पहिलं मत कुणाचं? होळीला पहिली चूड कुणी लावायची, यावरून हैबतीची आणि गोमाजीची भावकी आज्यापणज्यांपासून अडून होती. त्यापायी कोंडात होळ्या दोन पेटत.

"मान आमचा!" हैबती म्हणाला.

"तुझा? तुझा आजा आमच्या होळीची राख न्यायचा रे!" गोमाजी म्हणाला.

"अहो, ही होळी नव्हे," मास्तर कळवळले. "मत गुप्त असतं. कुणीही आधी टाका."

"गुप्त हाय तर मान दिसायचा कसा?" दोघे एकदम म्हणाले. पिढ्यांनंतर त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

पाच वाजत आले तरी पेटी कोरी. मास्तरांनी नियम वाचून दाखवला: पाच वाजता जे रांगेत असतील, त्या सर्वांचं मत घेतल्याशिवाय मतदान बंद करता येत नाही. रांग देवळातून निघून थेट साकवावर पोचली होती. शेवटी चंद्राबाई उभी होती.

"मास्तर, रांग हाय तवर निवडनूक हाय?"

"हो."

"नि निवडनूक हाय तवर साकव हाय?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "नियमाप्रमाणे... हो."

नेमका तेव्हाच गोमाजी विरघळला. "जाव दे रे हैबती. टाक तूच पयलं."

"गोमाजीभावजी!" चंद्राबाई कडाडली. "आज्याचा मान असा फुकट वाटता? लाज हाय का नाय? गप उभं ऱ्हावा!"

गोमाजीला आजा आठवला. निवडणूक चालू राहिली.

फाल्गुन गेला, चैत्र गेला. मास्तरांनी रोजे पेटीशेजारी सोडले, ईदही तिथेच केली. शेवया साळूने रांधल्या. माणसं जेवायला जाताना आपल्या जागी दगड ठेवून जात. दगडाला मतदार मानावे काय, असं मास्तरांनी वर विचारलं. वरून उत्तर आलं की दगडाचे वय एकवीस पूर्ण असल्यास हरकत नसावी.

आषाढ आला. ओढा फुगला, साकवाखालून झाडं वाहू लागली. एका सकाळी साळूच्या कळा सुरू झाल्या. रांग मोडायची नव्हती, म्हणून डोली हातोहात सरकली. ज्याने त्याने आपल्या जागेवरून खांदा दिला आणि पुढच्याकडे सोपवली. पलीकडे भोई तयार होते. चंद्राबाई मात्र जागची हलली नाही. रांगेचं शेपूट तीच होती.

दुपारी पोलादपूरहून सांगावा आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. रांगेत गूळ वाटला. गूळ तोंडात असतानाच तुमचा शिपाई आला. मागून पहारी.

"व्हा बाजूला. निवडणूक संपली."

"कवा?"

"फाल्गुनातच. निवडून आलेले साहेब दिल्लीला जाऊन बसलेसुद्धा. तुम्हाला कळवायचं राहिलं."

"नि आमची मतं?"

"तुमची सगळी मतं धरली तरी निकाल फिरत नव्हता. म्हणून ती पडली असं धरलं."

"कुणाला पडली असं धरलं?" मास्तरांनी विचारलं.

"ते गुप्त आहे."

पहिली फळी निघाली. चंद्राबाई दुसरीवर उभी राहिली. "अरे, सून पल्याड हाय माजी! नात हाय!"

"असेल. साहित्यात तिची नोंद नाही," शिपाई म्हणाला. त्याने तिला हाताला धरून अलीकडे आणून सोडलं आणि तो पलीकडे परतला. उरलेल्या फळ्या त्याच्या माणसांनी पलीकडे ओढून नेल्या.

साळू पलीकडच्या वाडीत राहिली. रोज सांजेला ती काठावर येई आणि पोर वर उचलून दाखवी. चंद्राबाई अलीकडून हात करी. साळू ओरडून पोरीचं नाव सांगे, पाणी ते ऐकू देत नसे. नाव बया ठेवलंय, हे चंद्राबाईला पाणी उतरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास कळलं.

फळ्या महाडला जमा झाल्या आणि साहेबांच्या सत्काराच्या व्यासपीठाला लागल्या. साहेब त्यांवर उभे राहून म्हणाले, "आपल्या मतदारसंघात निवडणूक शांततेत पार पडली." टाळ्यांचा कडकडाट झाला.

खुर्चीवाल्याला विचारून मी थकलो. तो उत्तर देत नसतो. म्हणून आता वाचणाऱ्याला विचारतो. त्या फळ्यांसमोर जाजमावर बसून टाळ्या कुणी वाजवल्या? बोटावर शाई होती ना तुमच्या? मग तुमचं मत पेटीत पडलं होतं, की पडलं असं धरलं होतं? आणि पडलंच असेल, तर साकव कुठं आहे?

मान खाली घालू नका. उत्तर द्या.